नाशिकमध्ये बाहेर जेवताना खिसा कसा सांभाळायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब बघते. घरी पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. गेल्या वर्षी बाहेर जेवल्याची सगळी बिलं एका रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात टाकत गेले आणि मार्चअखेरीस, ऑफिसचं वर्ष बंद करता करता, तो डबाही उघडला. निम्म्या बिलांवरची शाई उडून गेली होती (थर्मल कागद, दुसरं काय होणार), पण उरली ती पुरेशी होती. तेव्हापासून ऑफिसात, भिशीत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच ते प्रश्न येतात. एकदाच लिहून ठेवते.

बाहेर जेवायला गेलं की पैसे नेमके जातात कुठे?

जेवणात कमी जातात, जेवणाच्या आजूबाजूला जास्त. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. डब्यातलं एक बिल उलगडून दाखवते. गंगापूर रोडवरचं एक साधंसं, एसी, व्हेज फॅमिली रेस्टॉरंट, शनिवारची रात्र, आम्ही पाच जण.

पाण्याच्या दोन बाटल्या ८०. मसाला पापड दोन, १२०. सूप दोन, २८०. तेही वन बाय टू करून, नाहीतर चार झाले असते. एक पनीरचं स्टार्टर २९०. लाइम सोडा दोन, १८०. मग खरं जेवण: व्हेज कोल्हापुरी २६०, पनीरची एक भाजी २९०, दाल तडका १९०, बटर रोटी नऊ, ३१५, जीरा राइस १८०. बेरीज २,१८५.

आता पेन घ्या. भाज्या, डाळ, रोट्या, भात मिळून १,२३५. पाणी, पापड, सूप, स्टार्टर, सोडा मिळून ९५०. म्हणजे पोट भरायला सव्वाबाराशे आणि जेवण येईपर्यंत टाइमपास करायला साडेनऊशे! रोटीवरच्या बटरचे प्रत्येकी १० रुपये वेगळेच. साधी रोटी २५ला होती. नऊ रोट्यांवर ९० रुपयांचं लोणी आम्ही खाल्लं आणि सासूबाई म्हणाल्या, "बटर कुठं दिसतंय यावर?"

त्यावर ५ टक्के सर्व्हिस चार्ज १०९ आणि जीएसटी ११५. एकूण २,४०९. सर्व्हिस चार्जचा किस्सा पुढे येईलच.

मग सूप-स्टार्टर मागवायचंच नाही का?

मागवा की. फक्त मेन कोर्ससोबत मागवा, आधी नाही. वेटर पहिल्यांदा येतो तेव्हा सगळ्यांना कडाडून भूक लागलेली असते आणि त्या पाच मिनिटांत बोललेलं सगळं बिलावर उतरतं. आम्ही आता एकाच वेळी पूर्ण ऑर्डर देतो, भाज्या आधी सांगतो, आणि मुलांना हवं असेल तर एक स्टार्टर शेवटी जोडतो. निम्म्या वेळा ते "जाऊ दे" होतं. घरून निघताना मुलांच्या हातावर मूठभर चिवडा ठेवला तर आणखी बरं. नाशिकात राहून घरात चिवडा नाही असं घर मला तरी माहीत नाही.

पाण्याच्या बाटलीवर २० छापलेले असताना हॉटेल ४० घेतं. हे चालतं का?

चालतं, आणि हे ऐकून लोक चिडतात. १२ डिसेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून प्यायला दिलेलं पाणी ही नुसती वस्तूची विक्री नाही, त्यात जागा, सेवा, वातावरण सगळं येतं. त्यामुळे तिथे एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं. किराणा दुकानात, एसटी स्टँडच्या टपरीवर मात्र नाही. तिथे छापील किंमत म्हणजे छापील किंमत.

म्हणून भांडू नका, बाटलीच घेऊ नका. युक्ती अगदी क्षुल्लक आहे. वेटर विचारतो, "पाणी बिसलेरी की साधं?" हा प्रश्न तो बाटली हातात घेऊनच विचारतो, अंगठा झाकणावर असतो आणि तुम्ही मेनू कार्डात डोकं घातलेलं असतं. "हं" म्हणालात की कट्‌ आवाज झालाच. बसल्या बसल्या, मेनू उघडायच्या आधी, "फिल्टरचं साधं पाणी आणा" असं आपणच म्हणायचं. काही ठिकाणी तर न विचारताच बाटल्या टेबलावर मांडून ठेवलेल्या असतात. झाकण उघडलेलं नसेल तर परत द्या, त्यात लाजायचं काही नाही. पोटाची काळजी असणाऱ्यांनी घरची बाटली न्यावी. मी नेते.

बिलावरचा जीएसटी खरा की हॉटेलवाल्याच्या खिशात जातो?

बहुतेक वेळा खरा असतो. पण बिल वाचता यायला हवं.

साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. एसी असो, नसो, दर एकच. हा दर १५ नोव्हेंबर २०१७पासून आहे; त्याआधी काही महिने एसीला १८ आणि बिगर-एसीला १२ होता. त्यामुळे अजूनही कुणी "एसी हॉल आहे म्हणून जास्त टॅक्स" म्हणालं तर ते चुकीचं. एसी हॉलच्या मेनूत पदार्थांचे भावच जास्त ठेवता येतात, ती वेगळी गोष्ट. कित्येक ठिकाणी खाली बिगर-एसी आणि वर एसी, पण एकच भाजी, एकच कुक, दोन मेनू कार्डं असतात. थंडीच्या दिवसांत खालीच बसा. १८ टक्के लागतो तो मोठ्या हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटला, जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं.

दुसरी गोष्ट, छोटी हॉटेलं. अनेक जण कम्पोझिशन योजनेत असतात. त्यांनी आपल्या उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या पदरचा भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. अशा हॉटेलात दर्शनी भागी "कम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन" अशी पाटी हवी आणि बिलावरही तसं लिहिलेलं हवं. पाटी कम्पोझिशनची आणि बिलात जीएसटीची ओळ, असं दिसलं तर ती ओळ देऊ नका. तसंच कच्च्या चिठ्ठीवर पेनाने "जीएसटी ५%" लिहून दिलं आणि वर नोंदणी क्रमांकच नाही, तर तो कर कुणाला जाणार हे तुम्हीच ओळखा. क्रमांक पंधरा जागांचा असतो, आपल्या महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की हॉटेल नेहमीच्या नोंदणीत आहे की कम्पोझिशनमध्ये, ते लगेच दिसतं. मी हे एकदा टेबलावर बसून केलं होतं, तेव्हा नवरा दुसऱ्या टेबलावरचा असल्यासारखा बसला होता.

बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांकही (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा) असायला हवा. १ जानेवारी २०२२पासून तो सक्तीचा आहे. पैशांशी त्याचा थेट संबंध नाही, पण जेवणाबद्दल तक्रार करायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला मार्गदर्शक सूचना काढल्या: कुठल्याही हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, आणि देणार नाही म्हणणाऱ्याला अडवू नये. हॉटेलांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ला न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या.

नाशिकच्या साध्या हॉटेलांत हा प्रकार मुळात कमीच. आमच्या त्या बिलावर मात्र तो होता, आणि त्यावर जीएसटीही लावला होता. मी काउंटरवर जाऊन शांतपणे म्हटलं, "दादा, सर्व्हिस चार्ज काढून द्या." त्यांनी मेनू कार्डाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेली ओळ दाखवली. मी म्हटलं, लिहिलं म्हणून बंधनकारक होत नाही. मग मॅनेजर आले, मग मालकांना फोन झाला. मागे चार माणसं रांगेत उभी होती आणि त्यांतल्या एका काकांनी आपलं बिल खिशातून पुन्हा बाहेर काढलं! दहा मिनिटांनी नवीन बिल आलं, २,२९४चं. ११५ रुपये वाचले. पुढच्या वेळी आम्ही तिथे गेलो नाही, त्यामुळे आणखीही वाचले म्हणायचे.

ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पैसे भरावेच लागले तरी बिलाचा फोटो काढून ठेवा. शाई उडते, वर सांगितलंच.

मग टीप?

ती द्या, आणि रोख द्या, वाढणाऱ्याच्या हातात. सर्व्हिस चार्ज त्याच्यापर्यंत पोचतो की नाही हे तुम्हाला कळत नाही, हातातली पन्नासची नोट कळते. वाचवायचं ते बाटलीवर वाचवा, दिवसभर उभं राहणाऱ्या माणसावर नको.

अनलिमिटेड थाळी परवडते का?

कोण खाणार आहे त्यावर आहे. माझा भाचा जिममध्ये जातो, त्याला परवडते. थाळीवाल्याला तो परवडत नाही. सासूबाई दोन फुलके, वाटीभर कढी आणि चमचाभर खिचडी खातात. त्यांच्यापुढे तीनशे-साडेतीनशेची थाळी ठेवली की एका फुलक्याला शंभराच्या वर पडतात.

गडबड अशी की थाळीच्या ठिकाणी वाटून खाता येत नाही. "एका ताटात दोघांनी जेवू नये" ही पाटी असतेच. त्यामुळे पाच जणांत दोन कमी खाणारे असतील तर थाळीचं ठिकाण टाळा आणि भाज्या मागवता येतील तिथे जा. उलट चारही जण दणकून जेवणारे असतील, सोबत श्रीखंड किंवा गुलाबजाम हवेच असतील, तर थाळीच स्वस्त. गोड, ताक, पापड वेगळं मोजलं जात नाही. लहान मुलांची अर्धी थाळी असते, पण ती कुठे वयावर, कुठे उंचीवर. आत शिरण्याआधी विचारा. आमचा धाकटा नऊ वर्षांचा, पण काउंटरवरच्या माणसाला तो अकराचा वाटतो, आणि शाळेचं ओळखपत्र घेऊन कोण जेवायला जातं?

मधला रस्ता लोक विसरतात: राइस प्लेट. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार, नाशिक रोड स्टेशनच्या आसपास जुन्या खानावळींत दोन भाज्या, आमटी, भात, तीन-चार पोळ्या अशी मोजकी थाळी अजून मिळते. टेबलावर पाण्याचा जग, फोडणीचा वास, आणि वाढणारे मामा "भात आणू?" विचारतात तेव्हा तो भात पुन्हा मोजत नाहीत. दुपारी एकटं जेवायचं असेल तर याहून स्वस्त आणि याहून घरच्यासारखं काही नाही.

निदान मिसळ तरी स्वस्त आहे ना?

मिसळ स्वस्त आहे, मिसळीला जाणं महाग झालंय.

गावातल्या मिसळीचं गणित सोपं होतं. पंचवटी कारंज्यावर किंवा सातपूरला बाकावर बसायचं, मटकीवर काळ्या मसाल्याचा रस्सा, शेव, कांदा, लिंबू, सोबत पापड, दोन पाव. रस्सा पुन्हा मागितला तरी वाटी येते, पैसे लागतात ते पावाचे. अर्ध्या तासात उठायचं. अंबिका, श्यामसुंदर ही नावं नाशिककरांना सांगायला नकोत.

मग चुलीवरची मिसळ आली, मळे आले. बारदान फाटा, मखमलाबाद, गंगापूर रोड, त्र्यंबक रोड: पार्किंग, झोपाळे, बैलगाडी, द्राक्षांच्या वेलींखाली टेबलं. मिसळीच्या प्लेटमागे वीस-तीस-चाळीस रुपये जास्त जातात, त्याचं मला काही वाटत नाही. जागा छान असते. पैसे जातात ते नंतर. मुलांना बैलगाडीत बसायचं असतं. जिलेबी येते, मग गरम आहे म्हणून आणखी येते. ताक, चहा, उसाचा रस. निघताना गेटपाशी पेरू आणि आवळा सुपारी. परवा आमचं मिसळीचं बिल आणि बाकीचं बिल जवळजवळ बरोबरीत सुटलं.

यावर माझा उपाय: मिसळ खायची असेल तर गावात, पाहुण्यांना दाखवायची असेल तर मळ्यात. मळ्यात गेलात तर एक जिलेबीची प्लेट आधीच सांगून टाका, म्हणजे दुसरी मागवताना निदान आठवेल. दोन लहान मुलांना एक मिसळ आणि एक दही पुरतं. आणि एक्स्ट्रा पाव जोडीने मागवण्यापेक्षा एकेक मिळतो का बघा, शेवटचा अर्धा पाव नेहमी ताटात राहतो.

अ‍ॅपवर ५० टक्के सूट दिसते. ती घ्यायची नाही का?

त्या ओळीत "पर्यंत" हा शब्द शोधा. "५० टक्के सूट, १०० रुपयांपर्यंत" म्हणजे २०० रुपयांच्या ऑर्डरवर अर्धी, ९०० रुपयांच्या ऑर्डरवर जेमतेम ११ टक्के. आणि "किमान ऑर्डर ३९९" असली की ३४०च्या जेवणावर आपण हटकून गुलाबजाम टाकतो. सूट मिळवायला ७० रुपये जास्त खर्च केले, हे त्या स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं.

माझी एक खरी तुलना. घरापासून दीड किलोमीटरवरचं हॉटेल, दोन भाज्या आणि रोट्या. हॉटेलच्या मेनूवर ४८०. अ‍ॅपवर तेच पदार्थ ५६०, वर सूट १००, म्हणजे ४६०. इथपर्यंत आपण जिंकलेलो असतो. मग पॅकिंग ३०, डिलिव्हरी ३५, प्लॅटफॉर्म फी १५, आणि सगळे कर मिळून ३३. झाले ५७३. स्वतः जाऊन पार्सल आणलं असतं तर ४८०, डब्यांचे २० आणि जीएसटी, एकूण ५२५. पाऊस धो धो पडत असेल तर अठ्ठेचाळीस रुपये देण्यात काहीच गैर नाही. रोज रात्री गैर आहे.

यात आणखी एक बारकावा. १ जानेवारी २०२२पासून अ‍ॅपवरून घेतलेल्या जेवणाचा जीएसटी अ‍ॅप कंपनीच भरते, हॉटेल छोटं असलं तरी. तुमच्या गल्लीतल्या पोळीभाजी केंद्राची उलाढाल इतकी कमी असेल की त्यांना नोंदणीच लागत नाही, तर थेट घेतल्यावर कर शून्य आणि अ‍ॅपवरून घेतल्यावर ५ टक्के. काकूंच्या हातचं तेच जेवण, फक्त वाट वेगळी.

टेबल बुक करून मिळणाऱ्या सवलती मात्र कामाच्या असतात, विशेषतः सोमवार ते गुरुवार. तिथेही अटी वाचा: बुफेला, थाळीला, दारूला बहुतेक वेळा लागू नसतात, आणि अ‍ॅपमधूनच पैसे भरावे लागतात. आणि सूट सर्व्हिस चार्जच्या आधीच्या रकमेवर आहे की नंतरच्या, हे विचारण्यापेक्षा सर्व्हिस चार्जच काढायला लावा.

मुलगा कॉलेज रोडला शिकतो, दोन्ही वेळ बाहेर जेवतो. काय करावं?

मेस लावावी, पण दोन वेळची नाही. रात्रीची लावावी. दुपारी पोरं कॅन्टीनला वडापाव खाऊन मोकळी होतात आणि मेसचा डबा तसाच राहतो.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या, शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. खाडे कसे धरतात? बऱ्याच ठिकाणी सलग दोन किंवा तीन दिवस आधी सांगून गैरहजर राहिलात तरच पैसे वजा होतात. एक दिवस मित्राच्या वाढदिवसाला गेलात तर तो दिवस पाण्यात. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का? असते. मग महिन्याची चार-पाच जेवणं बाहेरच, तो खर्च धरा. आणि महिना तीस दिवसांचा की कूपनांचा? कूपनवाली मेस नेहमी बरी, दिवाळीत घरी गेलं तरी कूपन मरत नाही. मुदत मात्र बघा.

पैशांची खरीच ओढाताण असेल तर शिवभोजन केंद्राचं नाव घ्यायला संकोच नको. २६ जानेवारी २०२०ला ही योजना सुरू झाली ती दहा रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची मूद अशा ताटाने. ताटं मोजकी असतात, वेळ दुपारची. जवळचं केंद्र चालू आहे का, हे आधी बघून या.

पाहुणे आलेत. पंचवटी, त्र्यंबक आणि वायनरी एकाच दिवसात. दिवाळं निघेल का?

निघू शकतं, कारण पाहुण्यांसमोर भाव विचारायला आपल्याला जीभ उचलत नाही. म्हणून आधी ठरवा.

सकाळी रामकुंडावर गेलात तर तिथेच नाश्ता उरकण्याऐवजी पाच-दहा मिनिटं चालत गावाकडे या. भाविकांच्या गर्दीची ठिकाणं आणि नाशिककरांची ठिकाणं यांत चवीचा आणि भावाचा दोन्ही फरक आहे. उपवास असेल तर मेनरोडचा साबुदाणा वडा. त्र्यंबकला गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात साधं, स्वच्छ जेवण मिळतं; वेळ ठरलेली असते. २०२७च्या सिंहस्थात या सगळ्या भागात भावांचं काय होईल ते त्र्यंबकराजालाच माहीत, त्यामुळे गर्दीच्या दिवशी बसण्याआधी मेनू कार्ड हातात घ्या आणि त्यावर नवा कागद चिकटवलाय का ते बघा.

वायनरीत जेवण आणि वाईन दोन्ही घेतलंत की बिल मोठं होणारच. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. बारमध्ये दिल्या जाणाऱ्या दारूवर तो १ नोव्हेंबर २०२३पासून ५चा १० टक्के झाला. आम्ही जेवून जातो, टेस्टिंग घेतो, सूर्यास्त बघतो आणि परत येतो. प्रवेशशुल्क असेल तर ते बिलातून वळतं होतं का, आणि शनिवार-रविवारी वेगळं आहे का, हे फोन करून विचारा. गंगापूर धरणावरचा वारा फुकट आहे, कणीसवाला पण असतो.

बिल तपासायला लाज वाटते.

मलाही वाटायची. मग एकदा बारा रोट्यांचं बिल आलं आणि आम्ही नऊ खाल्ल्या होत्या. मुलीने मोजल्या होत्या, कारण धाकट्याने तिच्यापेक्षा एक जास्त घेतली म्हणून दोघांचं भांडण चाललं होतं. वेटर प्रामाणिक होता, गर्दीत शेजारच्या टेबलाच्या रोट्या आमच्यावर पडल्या होत्या. एक मिनिटात बिल दुरुस्त झालं, सॉरीही म्हणाला.

रोट्या, पाणी आणि पापड, एवढंच मोजा. भाज्यांची संख्या सहसा चुकत नाही. आणि मासे किंवा खेकडा मागवताना मेनूवर भावाच्या जागी "साइजप्रमाणे" लिहिलं असेल तर आकडा तोंडाने वदवून घ्या, मगच होकार द्या.

भिशीच्या जेवणाचं बिल समान वाटायचं की ज्याचं त्याने?

समान वाटायचं असेल तर आधी सांगा. आमच्या भिशीत अकरा जणी आहेत. एक फक्त सूप पिते आणि एक "मी काही फार खाणार नाही" म्हणत सिझलर मागवते. सहा महिने समान वाटलं, मग सूपवालीने यायचं बंद केलं. आता आम्ही दुपारचा बुफे घेतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी. डोईचा भाव एकच आणि शनिवार रात्रीपेक्षा कमी, भांडण संपलं. सिझलरवाली कुरकुरते.

उरलेलं बांधून मागितलं तर डब्याचे पैसे घेतात.

घेतात, दहा-पंधरा. मी पर्समध्ये स्टीलचा एक चपटा डबा ठेवते. अर्धी वाटी पनीर आणि चार चमचे भात, दुसऱ्या दिवशी मुलांच्या शाळेच्या डब्यात जातं. पहिल्यांदा डबा काढला तेव्हा मुलगी टेबलाखाली लपायची बाकी होती. आता तीच विचारते, "आई, डबा आणलास ना?"

रविवारी मिसळीला किती वाजता निघायचं?

साडेसातला घर सोडा, आठला बसा. नऊनंतर मळ्यांकडे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, नंबर लागेपर्यंत पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात मुलं बैलगाडीत दोनदा बसतात, वर उसाचा रस पितात. आठला बसलात तर रस्सा पहिल्या उकळीचा, पाव मऊ, आणि साडेआठला तुम्ही परतीच्या रस्त्यावर.